रेस्टिक, तिसरा महिना: अकरा रात्री गायब
मागच्या नोंदीत लिहिलं होतं की रेस्टिक या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमनं रोज रात्री दोनला बॅकअप आपोआप होतो आणि मी निर्धास्त आहे. ते वाक्य मागे घेते. परवा एका फाइलचं जुनं रूप हवं होतं म्हणून 'रेस्टिक स्नॅपशॉट्स' (स्नॅपशॉट म्हणजे एका वेळचा बॅकअप) चालवलं, तर यादी अकरा दिवस आधीच संपलेली. मधल्या एकाही रात्री काही झालं नव्हतं आणि मला पत्ताच नाही.

स्क्रिप्ट हातानं चालवली की बिनबोभाट चालायची, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) मात्र नाही. पाथ तपासला, परवानग्या तपासल्या, रेपोवर (बॅकअप जिथं साठतात तो साठा) जुनं लॉक अडकलंय का तेही बघितलं. शेवटी सापडलं ते अगदीच क्षुल्लक. लॉगच्या नावात तारीख यावी म्हणून क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या, ओळीतच डेट कमांड घातली होती, आणि तिच्यात टक्क्याचं चिन्ह होतं. क्रॉनटॅबमध्ये मोकळा टक्का दिसला की कमांड तिथंच संपते. पुढचा मजकूर तिला इनपुट म्हणून दिला जातो. म्हणजे शेलच्या हाती अर्धवट कंस यायचा आणि रेस्टिकपर्यंत गाडी पोचायचीच नाही. टक्क्याआधी बॅकस्लॅश दिला की काम भागतं. क्रॉन अशी चूक मेलनं कळवतो म्हणे, पण या मशीनवर मेलची सोयच नाही. बिचारा अकरा रात्री भिंतीशी बोलत होता.

या निमित्तानं क्रॉन सोडून सिस्टमडी टायमरवर (लिनक्समधली तशीच दुसरी सोय) आले. 'ऑनकॅलेंडर'सोबत 'पर्सिस्टंट' ट्रू ठेवलं की रात्री दोनला लॅपटॉप बंद असला तरी सुरू झाल्यावर हुकलेली फेरी होते. आउटपुट जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, जातं, आणि 'ऑनफेल्युअर'ला (काम फसलं की काय करायचं ते) एक छोटं युनिट जोडून पडद्यावर सूचना आणता येते. रेस्टिकचा एक्झिट कोड 3 म्हणजे स्नॅपशॉट झाला, पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. सिस्टमडी तो अपयशातच धरतो. धरू दे. तो कोड यशात मोजायचा मोह झाला होता, पण पहिल्याच आठवड्यात त्याच सूचनेमुळे एक अख्खं फोल्डर रूटच्या, म्हणजे ॲडमिन खात्याच्या, मालकीचं झाल्याचं कळलं.

तरी एक भोक उरतंच: टायमरच बंद पडला तर अपयशही होत नाही, मग सूचना कुठून येणार? त्यासाठी देशी इलाज केलाय. बॅकअप नीट झाला की स्क्रिप्ट एका रिकाम्या फाइलला 'टच' करते, म्हणजे तिची वेळ ताजी करते, आणि टर्मिनल उघडताना ती फाइल 36 तासांपेक्षा जुनी असेल तर लाल अक्षरांत ओळ येते. टर्मिनल मी रोज उघडतेच.

आता 'फरगेट', म्हणजे जुने स्नॅपशॉट काढून टाकणारी कमांड. किती ठेवायचे त्याचे माझे आकडे रोजचे 7, आठवड्याचे 5, महिन्याचे 12. तरी रेपोत जुने स्नॅपशॉट साचलेले. मूळ असं की मी फोटोंच्या फोल्डरचं नाव बदललं होतं, आणि 'फरगेट' मुळात होस्ट (मशीनचं नाव) आणि पाथ बघून गट पाडतो. जुन्या पाथचा गट वेगळा पडला. त्यात नवं काही येत नाही, आणि 'कीप-डेली 7' म्हणजे स्नॅपशॉट असलेले शेवटचे सात दिवस, आजपासून मागे मोजलेले नव्हेत. त्यामुळे तो गट कधी शिळाच होत नाही! 'ग्रुप-बाय' नुसतं होस्टवर आणलं तर हे मिटतं, पण मी कागदपत्रं आणि फोटो वेगवेगळे घेते. एका गटात आले की दिवसाला दोघांतला एकच टिकेल आणि दुसरा गुपचूप उडेल. म्हणून दोघांना टॅग दिले आणि गट होस्ट व टॅगवर ठेवले. जुन्या स्नॅपशॉटांनाही 'टॅग' कमांडनं तेच टॅग लावले. 'ड्राय-रन' (काही न पुसता नुसती तालीम) करून यादी डोळ्यांखालून घातली, मगच 'प्रून', म्हणजे नको झालेला डेटा खरोखर पुसणं.

नाव बदललं त्या रात्रीचा बॅकअप फार वेळ चालला होता, त्याचाही उलगडा झाला. त्या पाथचा आधीचा स्नॅपशॉट नसल्यानं सगळ्या फाइली पुन्हा वाचल्या गेल्या. रेपो मात्र जेमतेमच वाढला, कारण रेस्टिक फाइलचे 512 केआयबी ते 8 एमआयबीपर्यंतचे तुकडे मजकुरावरून पाडतो, आणि आधी असलेला तुकडा पुन्हा साठवत नाही. नाव काही का असेना.

'चेक' दर रविवारी. नुसता 'चेक' रेपोची रचना बघतो, साठवलेला डेटा वाचत नाही. म्हणून 'रीड-डेटा-सबसेट' आठव्या हिश्शावर ठेवून दर आठवड्याला पुढचा हिस्सा देते. आठ आठवड्यांत फेरा पूर्ण.

रिस्टोअर करून पाहिलं. फोटो चेकसमसकट जुळले. टिपणांचा एसक्यूलाइट डेटाबेस मात्र उघडेना. ॲप त्यात लिहीत असतानाच त्याची प्रत घेतली गेली असावी. आता बॅकअपआधी एसक्यूलाइटच्याच 'बॅकअप' कमांडनं वेगळी प्रत काढते आणि तीच रेस्टिकला देते.

आणि हो, पासवर्डची फाइल. ती होती फक्त त्याच डिस्कवर, जिचा बॅकअप घेतेय. डिस्क गेली असती तर रेपो शाबूत आणि किल्ली आत. रेस्टिकमध्ये विसरलेला पासवर्ड परत मिळवायची वाट नाही. काल 'की ॲड'नं दुसरा पासवर्ड जोडला, कागदावर लिहिला, आणि त्या कागदावरून टाइप करून रेपो उघडतो का तेही पाहिलं. दुसऱ्या प्रयत्नात उघडला. माझं अक्षर.