हिसका देणारा फ्लोट

मी पुण्यात पेटंट एजंट म्हणून काम करतो. लोक मला वकील समजतात. मी यांत्रिकी अभियंता आहे आणि पेटंट एजंटची परीक्षा उत्तीर्ण झालो आहे, एवढेच. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पेटंट म्हणजे चौकटीत लावायचे प्रमाणपत्र वाटते. त्यांचा कायदेशीर हक्क अर्जाच्या शेवटी असलेल्या दाव्यांच्या काही वाक्यांवर उभा असतो, हे समजावण्यातच माझा पहिला तास जातो. भोसरीत लेथचा छोटा कारखाना असलेल्या एका गृहस्थांना मात्र हे पाच मिनिटांत समजले. त्यांचे प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही, आणि त्याबद्दल लिहिण्यास त्यांनीच परवानगी दिली आहे.

त्यांनी मासा आपोआप गळाला अडकवणारा फ्लोट बनवला होता. फ्लोट पाण्यावर तरंगतो, मासा आमिष ओढतो, फ्लोट बुडतो आणि माणूस काठीला हिसका देतो, ही नेहमीची रीत. अडचण अशी की रोहू आमिष आत ओढून क्षणात थुंकतो, आणि वीस मीटरवरून दिलेला हिसका ढिली दोरी ताणण्यात व नायलॉन लांबण्यात निम्मा खर्च होतो. गळापासून हातभरावर असलेल्या फ्लोटनेच हिसका दिला तर दोरीची ही लांबी मधून निघून जाते. कल्पना आकर्षक आहे, पण नवी नाही. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात फ्लोटसाठी ए०१के ९३/०० हा गट आहे आणि आपोआप हिसका देणाऱ्या साधनांसाठी वेगळा उपगट आहे. स्प्रिंगने उडणाऱ्या गळांना अमेरिकेत १९व्या शतकापासून पेटंटे मिळत आली आहेत. हेराबुना या जपानी माशाच्या मासेमारीतले फ्लोट मोरपिसाच्या दांडीचे किंवा बांबूचे, अतिशय बारीक असतात. पण ते फक्त ओढ दाखवतात, हिसका माणसानेच द्यायचा असतो.

जुन्या पेटंटांचा शोध पूर्ण करून मी त्यांच्या कारखान्यात गेलो तेव्हा लेथच्या शेजारी पाण्याने भरलेला निळा ड्रम ठेवलेला होता. मी आधी माझी शंका मांडली. फ्लोट जितका संवेदनशील, तितका तो सहज बुडायला हवा. ३ मिलिमीटर जाडीचे आणि १० सेंटिमीटर लांबीचे टोक बुडवायला माशाला जेमतेम ०.७ ग्रॅम ओढ लागते. ३ सेंटिमीटर व्यासाचा अर्धा बुडलेला गोळा बुडवायला ७ ग्रॅम, म्हणजे दहा पट. फ्लोटमधल्या स्प्रिंगचा खटका सुटायला त्यांच्या मोजणीप्रमाणे २५ ग्रॅम लागत होते. मग तो सुटण्यासाठी फ्लोटला तेवढी तरी राखीव उत्प्लावकता, म्हणजे न बुडता जादा ओढ पेलण्याची ताकद, हवी, नाहीतर खटका सुटण्याआधीच फ्लोट तळाकडे जाईल. आणि ती दिली तर माशाला पहिल्या चाटणीतच भार जाणवेल. दुसरी अडचण याहून मोठी होती. पाण्यात मोकळ्या असलेल्या फ्लोटला टेकायला काहीच नसते, त्यामुळे स्प्रिंग सुटली की गळ वर येण्याऐवजी हलका फ्लोटच माशाकडे ओढला जातो. मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या पेटंटांनी यावर फ्लोट मोठा करण्याचा उपाय काढला आहे. चित्रात तो चालतो, तळ्यात माशाला पळवून लावतो.

त्यांनी उत्तर न देता फ्लोट ड्रममध्ये सोडला. अंग बारीक, राखीव उत्प्लावकता नाममात्र, आणि अंगाभोवती छत्रीसारखी मिटलेली कापडी झालर, वरच्या बाजूने बांधलेली, खालची कड मोकळी. दोरी हळू ओढली तर फ्लोट निमूट बुडाला आणि झालर मिटलेलीच राहिली. झटकन ओढली तेव्हा झालर उघडली, फ्लोट जागीच अडला, खाचेतली पोलादी गोळी सुटली आणि सळई ४ सेंटिमीटर वर उडाली. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६ सेंटिमीटरची चकती सेकंदाला १ मीटर वेगाने ओढली तर हा विरोध दीडशे ग्रॅमच्या आसपास जातो आणि वेग दुप्पट झाला की चौपट होतो. म्हणजे त्यांच्या फ्लोटला टेकायला चक्क पाणीच मिळाले होते, तेही मासा पळू लागला तरच. चाटणी आणि पळ यांतला फरक तो वेगावरून ओळखत होता. बारक्या माशांनी खटका सोडण्याचा त्रासही यातून बराच कमी झाला होता.

माझ्या शोधात असे काही सापडले नव्हते. त्यांना पहिल्या दाव्यात ‘मासा आपोआप अडकवणारा फ्लोट’ एवढेच हवे होते. मी म्हटले, तेवढा दावा पेटंट कार्यालयाच्या तपासणीत टिकणार नाही, झालर आणि वेगाची अट पहिल्याच दाव्यात हवी. आमच्या व्यवसायात ग्राहकाला खूश करायला सगळे जग दाव्यात घालणारे बरेच आहेत, आणि त्यांची फळे ग्राहक पुढे तपासणीत भोगतो. हे गृहस्थ थोडे नाराज झाले, पण पटले त्यांना.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला: हे साधन कोणी पाहिले आहे का? त्यांनी तलावावरच्या वापराच्या नोंदींची वही पुढे केली. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३२ मध्ये एक सवलत आहे. अर्जाच्या आधीच्या वर्षभरात अर्जदाराने शोध जाहीरपणे वापरला असला, तरी तो वापर केवळ वाजवी चाचणीसाठी असेल आणि ती चाचणी जाहीरपणेच करणे गरजेचे असेल, तर पेटंटसाठी लागणारी नवीनता जात नाही. तलावाकाठची मासेमारी यात बसते असे मला वाटले, कारण ड्रममध्ये रोहू येत नाही. वहीच्या पहिल्या पानांत स्प्रिंगचा ताण, झालरीचा व्यास, ओठात अडकले की सुटले, माशाची जात, सगळे होते. नंतर या मोजण्या थांबल्या. पुढे फक्त माशाचे वजन, आणि कोणत्या मित्राने त्यांच्या फ्लोटवर तो धरला त्याचे नाव.

मी म्हणालो, “इथून पुढे चाचणी दिसत नाही, छंद दिसतो.”

“साहेब, मासा लागला हीच नोंद नाही का? फ्लोट कशासाठी आहे?”

याला माझ्याकडे सोपे उत्तर नव्हते, आजही नाही. मासा अडकवण्यासाठीच्या साधनाची चाचणी अखेर मासा अडकला की नाही हीच असते. पण कायद्यातल्या ‘केवळ’ या शब्दापुढे मित्रांची नावे अडचणीची ठरतात. अर्ज करता येईल, मात्र कोणी आक्षेप घेतला तर ही वही दोन्ही बाजूंनी वाचली जाईल, असे मी स्पष्ट सांगितले. दोन दिवसांनी त्यांनी अर्ज न करण्याचे कळवले. आता ते हे फ्लोट ओळखीच्यांसाठी करून देतात.

त्या फोनवर बोलता बोलता त्यांनी सांगितले की झालर आधी सायकलच्या ट्यूबची होती, ती पाण्यात नीट उघडत नसे, म्हणून मध्येच कधीतरी रेनकोटचे कापड वापरले. हा बदल मोजण्या थांबल्यानंतरचा असता तर त्या पानांनाही चाचणीच म्हणता आले असते. तो नेमका केव्हा केला, हे वहीत नव्हते आणि त्यांनाही आठवत नव्हते.