घड्याळाला हात न लावता न्यूयॉर्क

तिकीट काढलं त्या रात्री भाचीचा पृथ्वीगोल मांडीवर घेऊन बसलो. दोऱ्याचं एक टोक सिंगापूरवर, दुसरं न्यूयॉर्कवर दाबलं आणि ताणलं, तर दोरा सरकत सरकत थेट उत्तर ध्रुवापाशी जाऊन बसला. भिंतीवरच्या सपाट नकाशात याचा पत्ताच लागत नाही. दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचं अंतर. एक पृथ्वीच्या या अंगाला, दुसरं त्या अंगाला.

सिंगापूरचा चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे दोऱ्याचं अंतर भरतं सुमारे १५,३४० किलोमीटर. ताशी नऊशेनं भागलं की सतरा तास. तिकिटावर मात्र साडेअठराच्या वर. मधला दीड तास कोणी खाल्ला?

थोडा धावपट्टीनं. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. बाकीचं उत्तर समोरच्या पडद्यावर मिळालं. विमानाची रेघ ध्रुवाकडे वळलीच नाही, ती जपानच्या बाजूनं पॅसिफिकवर निघाली. तिथे दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा जोरदार वारा वाहतो. तो पाठीशी मिळणार असेल तर हजारभर किलोमीटरचा वळसाही परवडतो. जपान मागे पडल्यावर आकडा ताशी १,०४० वर गेला आणि मी उगाचच खूश झालो, जणू मीच ढकलत होतो.

विमान एअरबस कंपनीच्या ए३५०-९००चं, खास लांब पल्ल्यासाठी बनवलेलं. टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि खुर्च्या फक्त १६१. साध्या इकॉनॉमीची एकही नाही. खिशाला चटका बसतो, पण अठरा तास गुडघे दुमडून बसण्यापेक्षा बरं, असं मी स्वतःला बजावलं. तरी बाराव्या तासाला गुडघ्यांनी तक्रार केलीच. मागच्या मोकळ्या जागेत तिघं-चौघं गुमान पाय झटकत उभे होते, त्यांच्यात मीही जाऊन उभा राहिलो.

खरी गंमत रात्रीची. दुपारी बाराला निघालो होतो. जून महिना, विमान पूर्वेला पळतंय. त्यामुळे अंधार लवकर पडला आणि चारेक तासांत संपलाही. डोळा लागतो न लागतो तोच खिडकीच्या फटीतून लालसर उजेड. दरम्यान वाररेषा, म्हणजे पॅसिफिकमधली वार बदलणारी रेषा, ओलांडली होती. निघालो मंगळवारी, मधे रात्रीचे बारा वाजून बुधवार लागला आणि रेषेपलीकडे पुन्हा मंगळवारची पहाट. एकाच मंगळवारी दोनदा उजाडलं.

उतरलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, बाहेर लख्ख ऊन. माझं घड्याळ जुनं, काट्यांचं. उन्हाळ्यात या दोन शहरांत बरोबर बारा तासांचा फरक असतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा तेरा.

शेजारचे गृहस्थ आपल्या डिजिटल घड्याळाची बटणं दाबून वैतागले होते. “किती वाजले हो?” त्यांनी विचारलं. मी मनगट पुढे केलं.

“हे सिंगापूरचं की इथलं?”

“दोन्हीकडचं,” मी म्हटलं आणि बॅग काढायला उठलो.