वेलावरून ओट्यावर : आमच्या घासणीची वाटचाल

बाजारातला हिरवा-पिवळा स्पंज बहुधा प्लॅस्टिकच्या फोमचा असतो. घासताना त्याचे कण सांडपाण्यात जातात आणि उरलेला तुकडा कचऱ्यात वर्षानुवर्षं तसाच राहतो. आम्ही घासणी करतो ती वाळलेल्या घोसाळ्याची, आणि आमचा निम्मा धंदा माल निवडण्यातच आहे.

भजीचं घोसाळं कोवळं तोडतात. घासणीचं मात्र साल तपकिरी होऊन बिया खुळखुळेपर्यंत वेलावर ठेवावं लागतं. हिरवट तोडलं तर धागा कच्चा राहतो आणि घासणी लवकर लोळागोळा होते. फळं वेलावर पिकू दिली की नवी फळं कमी धरतात, शेतकऱ्याचं भाजीचं उत्पन्न बुडतं. म्हणून आम्ही नगावर भाव देतो; वाळल्या घोसाळ्याला वजन असतंच कुठे? मांडव हवाच, कारण जमिनीला टेकलेलं फळ वाकडं होतं, डागाळतं. परतीच्या पावसात भिजलेल्या फळात काळी बुरशी शिरली तर तो माल थेट खतात.

आलेला माल भिजवून सोलायचा, बिया झटकायच्या, चिकट गर पूर्ण जाईपर्यंत धुवायचा. गर राहिला की आंबूस वास येतो. मग कडक ऊन. क्लोरीनचं ब्लीच आम्ही वापरत नाही. रंग खुलतो, पण धागा ठिसूळ होतो. उभं चिरून गाभा काढायचा, दोन थर एकत्र शिवायचे, तेही सुती दोऱ्याने. पॉलिएस्टरचा दोरा जास्त टिकतो, पण खताच्या खड्ड्यात तसाच सापडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून वेष्टन कागदाचं.

नैसर्गिक घासणीतही जंतू वाढतात, हे आम्ही गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ साली घरोघरचे १४ वापरलेले स्पंज तपासले. काही जागी एका घन सेंटिमीटरमध्ये ५,४०० कोटींपर्यंत जीवाणू निघाले, आणि नियमित साफ केले जाणारे स्पंजही त्याला अपवाद नव्हते. जंतूंना ओल आणि खरकटं लागतं. घोसाळ्याची जाळी मोकळी असल्याने पाणी लवकर निथळतं, पण टांगली तरच. म्हणून प्रत्येक घासणीला आम्ही फास शिवतो. साबणाच्या ओल्या डबीत ठेवलेली घासणी फोमइतकीच घाण होते.

वापरून झाल्यावर खरकटं धुवा, घट्ट पिळा, टांगा. कच्च्या मासळी-मटणाच्या भांड्यांना वेगळी घासणी ठेवा. तीन-चार आठवड्यांनी बदला. पावसाळ्यात वाळत नसेल किंवा वास येऊ लागला तर त्याआधीच. जुनीचे बारीक तुकडे करून खतात टाका.