‘सराईत’ हा शेरा आला कुठून?

आम्ही तुरुंगात गेलो होतो एक रकाना तपासायला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. न्यायाधीन (खटला चालू असलेल्या) आणि सिद्धदोष (शिक्षा झालेल्या) बंद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, जात पाहून काम वाटू नका, कारागृह नियमावल्या तीन महिन्यांत सुधारा, असे त्यातले आदेश. ते पाळले जातात की नाही हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने (गरजूंना मोफत वकील देणारी संस्था) आणि अभ्यागत मंडळाने (तुरुंगाची पाहणी करणारं मंडळ) मिळून वेळोवेळी पाहायचं, असंही त्यात सांगितलं आहे. मी प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहे. ही भेट 18 सप्टेंबर 2025 ची.

लिपिकांनी न्यायाधीन बंद्यांची चालू वर्षाची वही समोर ठेवली. जातीचा रकाना होता, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काळ्या मार्करने भरून टाकलेला. आदेश पाळायच्या भावनेनेच त्यांनी ते केलं होतं, त्यात शंका नाही. पण त्या एका कृतीने दोन गोष्टी बिघडल्या होत्या. मार्करची शाई पानाच्या मागे उतरली आणि मागच्या बाजूच्या नोंदींतल्या वॉरंटच्या काही तारखा वाचता येईनाशा झाल्या. शिवाय आजवर कोणाला कोणत्या बराकीत ठेवलं, कोणाला कोणतं काम दिलं, त्याचा जातीशी संबंध होता का, हे पडताळायचा पुरावाच गेला. जुन्या वहीला हात लावायचा नसतो. जिथवर नोंदी झाल्या तिथे आडवी रेघ ओढायची, ‘या तारखेपासून हा रकाना बंद’ असा शेरा मारून अधीक्षकांची सही घ्यायची आणि पुढच्या नोंदी नव्या नमुन्याच्या वहीत करायच्या. संगणकातल्या नोंदीतही तोच रकाना असेल तर तोही पाहावा लागतो, कारण न्यायालयात जाणारी प्रत तिथूनच छापली जाते.

जात खोडली होती, तरी वही बोलत होती. पत्त्यात ‘पारधी वस्ती, गायरान’ होतं. आणि अगदी उजवीकडच्या शेऱ्याच्या रकान्यात 14 नावांपुढे एकच शब्द होता: सराईत.

या शब्दाला कायद्यात ठरलेला अर्थ आहे. मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम 1959 चा. सलग पाच वर्षांच्या काळात, ठरावीक गुन्ह्यांसाठी, एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान तीन प्रकरणांत कैदेची शिक्षा झालेली असली पाहिजे. गुन्हा दाखल होणं वेगळं, शिक्षा होणं वेगळं. कारागृह नियमावलीतला ‘सराईत’ हा शब्दही राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच वापरायचा, असं 2024 च्या निकालात स्पष्ट आहे. म्हणून 14 ही नावांना मी एकच प्रश्न लावला: कोणत्या शिक्षेवरून? नऊ जणांच्या कागदांत एकाही शिक्षेचा उल्लेख नव्हता. मग शेरा आला कुठून? ‘वॉरंटसोबतच्या कागदात होतं तसं उतरवलं,’ लिपिक म्हणाले. ते खरं बोलत होते.

त्या नऊ जणांपैकी एकाचं प्रकरण इथे सविस्तर सांगते. फासेपारधी, वय पस्तिशीच्या आसपास. 9 ऑगस्ट 2024 रोजी अटक. विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप, भारतीय न्याय संहितेचं कलम 303(2), जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक सरसकट करायची नाही, हे 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. आधी नोटीस द्यायची, अटक करायचीच असेल तर कारणं लिहायची. इथे कारण लिहिलेलं होतं. रिमांड यादीतलं, म्हणजे कोठडी मागताना पोलीस न्यायालयात देतात त्या कागदातलं, ते वाक्य असं: ‘सदर आरोपी सराईत असून फिरस्ता आहे, त्यास राहण्याचे निश्चित ठिकाण नाही.’ खाली चार गुन्ह्यांचे क्रमांक. याच वाक्यावर जामीन नाकारला गेला होता. दोषारोपपत्र वेळेत दाखल झालं होतं, आरोपनिश्चिती अजून व्हायची होती.

हे वाक्य कुठून येतं ते मागे जाऊन पाहावं लागतं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि 1911 च्या कायद्याने देशभर पसरला. सुतार आणि विणकर जसे पिढीजात, तसेच गुन्हेगारही पिढीजात, हा त्यामागचा समज. सरकारने राजपत्रात जमातीचं नाव घातलं की त्या जमातीत जन्मलेला माणूस नोंदवहीत. ठरल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास, बोटांचे ठसे, आणि पुढे तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापुरात आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, म्हणून ती तारीख विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण ठाण्यांतली माणसं, वह्या आणि लिहायची धाटणी एका दिवसात बदलली नाही. जमातीच्या नावाऐवजी ‘सराईत’ आलं, भटक्याऐवजी ‘फिरस्ता’ आलं. काही राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत तर भटक्या आणि गुन्हेगार जमातींचा उल्लेख 2024 पर्यंत जसाच्या तसा होता. रकाना हा त्या जुन्या व्यवस्थेचा सगळ्यात दिसणारा भाग, म्हणून तो खोडायला सोपा गेला. शेरा दिसत नाही आणि नुकसान तोच जास्त करतो, असं माझं मत आहे.

या माणसाच्या बाबतीत नुकसान दिवसांत मोजता येत होतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही अशा न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की न्यायालयाने त्याला सोडायचं. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. तीन वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. हा माणूस 405 दिवस आत होता. मुदत भरताच अधीक्षकांनी स्वतःहून न्यायालयाला लेखी अर्ज करायचा, हे त्याच कलमाच्या पोटकलम 3 मध्ये आहे. अर्ज का गेला नाही? तुरुंगात दर महिन्याला पूर्वी शिक्षा न झालेल्यांची यादी काढतात, आणि ‘सराईत’ शेरा असलेली नावं त्यातून आधीच गळतात. चाळीस दिवस त्याच्या हक्काकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

पोटकलम 2 ची अडचण वेगळी. एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर या कलमाचा फायदा मिळत नाही. रिमांड यादीतल्या चार गुन्ह्यांपैकी एक जरी जिवंत निघाला असता तरी आमचा अर्ज तिथेच पडला असता.

मुलाखतीच्या खोलीत त्याने सांगितलं, ‘मॅडम, तीन केशीत मी सुटलो. चवथी माझी न्हाई.’ मी क्रमांक कागदावर उतरवून घेतले. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे शोध बाहेर आल्यावरच. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नावाने शोधताना त्याच्या भोसले या आडनावाची रोमन लिपीतली दोन-तीन रूपं टाकून पाहावी लागतात, एका रूपाने मिळालं नाही म्हणजे खटला नाही असं समजायचं नसतं. प्रत्येक खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळाला की काम सोपं होतं. दोन तालुक्यांच्या न्यायालयांतले तीन खटले सापडले. तिन्ही निर्दोष सुटका, शेवटची 2021 मधली. त्या दिवसापासून 2024 पर्यंत कोणत्याच यादीत ती सुटका उतरलेली नव्हती.

चौथा गुन्हा 2023 चा, प्रलंबित. नाव तेच, आडनाव तेच. पारध्यांमध्ये भोसले, पवार, काळे, चव्हाण ही आडनावं इतकी आहेत की वडिलांचं नाव घातल्याशिवाय माणूस ओळखू येत नाही, आणि रिमांड यादीत नेमकं वडिलांचंच नाव गाळलेलं होतं. दोषारोपपत्राची प्रत काढली. त्यातल्या आरोपीचं वय 22, वडिलांचं नाव वेगळं, अटक फॉर्मवरच्या ओळखीच्या खुणाही वेगळ्या. माणूसच दुसरा होता.

त्याच भेटीत कामवाटपाची वहीही पाहिली. संडास-सफाईला तीच सात नावं आठवड्यामागून आठवडे होती. कोणी म्हणेल, योगायोग. पण आता जातीचा रकाना नाही म्हटल्यावर तो योगायोग आहे की नाही हे वहीवरून कोण ठरवणार? हा पेच खरा आहे आणि तो सुटला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी आम्ही एवढंच केलं: बराकवार पाळी लावायची, पाळीचा तक्ता भिंतीवर लावायचा, बंदी क्रमांक आठवड्यागणिक तपासायचा, आणि पुढच्या भेटीत या सात जणांशी पहाऱ्यावरच्या शिपायाच्या कानाआड बोलायचं, असं अहवालात लिहिलं. न्यायाधीन बंद्याला सक्तीने काम लावताच येत नाही, ही ओळही घातली.

अर्जाची तयारी मी अशी केली. तिन्ही निकालांच्या प्रमाणित प्रती, चौथ्या दोषारोपपत्राची प्रत, कोठडीतल्या दिवसांचा अधीक्षकांचा दाखला. प्रतींना बारा दिवस लागले. घाई करून संकेतस्थळावरची छापील पानं जोडली की सरकारी पक्ष पडताळणीला तारीख मागतो आणि पंधरा दिवस आणखी जातात, म्हणून थांबणंच बरं. दाखल्यात पोलीस कोठडीचे दिवसही धरायला सांगितले, कारण कलमात तपासाच्या काळातली कोठडीही मोजायची आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागणीत ‘जामीन’ न लिहिता ‘बंधपत्र’ लिहिलं. संहितेच्या व्याख्येत बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवायचा जातमुचलका. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्यासाठी कलमात हाच शब्द आहे. गायरानावर पाल टाकून राहणाऱ्याकडे सातबारा कुठून येणार, आणि सातबारा असलेला कोण त्याला जामीन राहणार? अर्जात ‘जामीन’ शब्द गेला असता तर आदेश होऊनही तो आतच राहिला असता.

सुनावणीत न्यायालयाने तपासी अंमलदारांना एकच विचारलं, चौथ्या गुन्ह्यातला आरोपी हाच का? वडिलांचं नाव वाचून ते ‘नाही’ म्हणाले. बंधपत्रावर सुटकेचा आदेश त्याच दिवशी झाला. अधीक्षकांनी उरलेल्या आठ जणांचे शेरे कारण लिहून रद्द केले. त्यातले दोघे 479 च्या मुदतीत बसत होते, त्यांचे अर्ज त्यांनी स्वतः पाठवले.

ठाण्याच्या नोंदीसाठी वेगळा अर्ज पोलीस अधीक्षकांकडे दिला. 7 मे 2024 च्या अमानतुल्ला खान निकालाचा त्यात आधार घेतला. विमुक्त आणि वंचित समाजांतल्या माणसांची नावं केवळ पूर्वग्रहातून पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये (पाळतीखालच्या माणसांच्या नोंदीत) जाऊ नयेत, याची दखल त्यात न्यायालयाने घेतली आहे. नावसाधर्म्यामुळे झालेली चौथ्या गुन्ह्याची नोंद काढून टाकली गेली. तीन सुटकांची नोंद अद्ययावत करण्याचं पत्र ‘कार्यवाहीत’ आहे.

सुटकेच्या दिवशी त्याची आई गेटवर होती. तिन्ही निकाल आणि सुटकेचा आदेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तिच्याकडे दिले. एक संच घरी, एक संच बाहेर जाताना अंगावर, कोणी अडवलं तर आधी हे दाखवायचं, असं सांगितलं. तिने विचारलं, ‘आन् कवर जवळ ठेवायचं ताई?’ ठाण्याचं उत्तर येईपर्यंत, असं मी सांगितलं. उत्तर अजून आलेलं नाही.