जुन्या पिकअपचा चुकीचा ऑइल फिल्टर : माझा अनुभव

दिवाळीनंतर कोल्हापूरकडून एक वापरलेली पिकअप घेतली. आंब्याच्या दिवसांत देवगडात भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, आणि मिळाली तर वाशीपर्यंतचं भाडं ऐकून पेट्या बागेतच ठेवाव्यात असं वाटतं. व्यवहाराआधी धूर पाहिला, क्लच पाहिला, खाली वाकून इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर पाहिला. इंजिन धुऊन लख्ख केलेलं होतं, कुठे ऑइलचा थेंब नाही. (धुतलेल्या इंजिनावरून काहीच कळत नाही, ते मळलेलंच बघायला मिळावं.) करूळ घाट उतरून गाडी विनातक्रार घरी आली.

तक्रार सुरू झाली ती रोजच्या वापरात. सकाळी पहिला सेल्फ मारला की ऑइलचा लाल दिवा लगेच जायचा नाही. पाच-सहा आकडे मोजेपर्यंत तो तसाच, आणि तेवढा वेळ इंजिन कोरडं खडखडायचं. मग दिवा गेला की आवाजही बंद. दुसरं म्हणजे खळ्यात गाडी उभी असायची तिथे काळे डाग पडायला लागले. ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल निम्म्यावर.

हायवेवरच्या एका गॅरेजात दाखवलं. त्याने खाली हात घातला, फिल्टर ओला लागला, तर फिल्टर पाना लावून अजून आवळला आणि म्हणाला, झालं. गळती वाढली.

मग आमच्या गावच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी काही खोललं नाही. डिझेल मारून इंजिनाची ती बाजू धुतली, फडक्याने कोरडी केली आणि वर चक्क टाल्कम पावडर फुंकली. गाडी रेसवर ठेवली. पावडरीवर ओल कुठे पहिल्यांदा उमटते ते बघायचं. ऑइल वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे चेंबर गळतोय असं वाटतं आणि मूळ भलतीकडेच असतं. इथे ओलीची रेघ फिल्टरच्या रबराजवळून सुरू झाली.

इंजिन बंद करून त्यांनी फिल्टर सोडवायला घेतला. रबर जागेवरून सुटताच फिल्टर स्टडवर, म्हणजे तो ज्या आट्यांच्या नळीवर चढतो तिच्यावर, डुगडुगायला लागला. आटे अजून लागलेलेच होते, तरीही सैल दातासारखा हलत होता. मेस्त्रींनी मला हात लावून बघायला सांगितलं आणि म्हणाले, "हो ह्या गाडीचो फिल्टर न्हय. हेका कोणी लायलो?"

त्याच्या बुडाला काळा सिलिकॉन थापलेला निघाला. म्हणजे आधीच्या कुणाला तरी गळतं हे ठाऊक होतं.

वर्नियर लावला. स्टड १९ मिमीच्या आतबाहेर. म्हणजे पाऊण इंची, एका इंचात १६ आट्यांचा, ज्याचं खरं माप १९.०५ मिमी. काढलेल्या फिल्टरचे आटे मात्र २० मिमीचे, दीड मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). पाऊण इंची १६ आट्यांची पिच जवळजवळ १.५९ येते, म्हणजे फरक डोळ्यांना दिसण्यासारखा नाही. त्यात व्यास मिलिमीटरभर मोठा, म्हणून फिल्टर सरळ चढतो, रबर टेकलं की घट्टही लागतो. पण आटे एकमेकांना जेमतेम टोकाने धरून असतात. उलट केलं असतं, म्हणजे २० च्या स्टडवर पाऊण इंची फिल्टर घालायला गेलं असतं, तर तो सुरुवातीलाच अडला असता आणि चूक कळली असती. हा सोपा चढणारा प्रकार जास्त वाईट. थंड इंजिनात ऑइल दाट असतं, दाब तेव्हाच सगळ्यात जास्त. अशा वेळी फिल्टर निसटला तर चेंबर बघता बघता रिकामा होतो, आणि ड्रायव्हरचं दिव्याकडे लक्ष जाईपर्यंत बेअरिंगं गेलेली असतात. मी हीच गाडी रिकामी का होईना, गगनबावड्यावरून खाली आणली होती.

दिव्याचं कारण फिल्टर फोडल्यावर कळलं. मी हॅक्सॉ पुढे केला तर मेस्त्री नको म्हणाले, लोखंडाचा कीस आत पडला तर तो इंजिनाचा की ब्लेडचा हे सांगता येणार नाही. छिन्नीने भोक पाडून पत्र्याच्या कात्रीने गोल कापला. माझ्या इंजिनावर फिल्टर आडवा बसतो. आडव्या फिल्टरमध्ये एक रबरी पडदा लागतो, इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे चेंबरात उतरू नये म्हणून. ह्या फिल्टरमध्ये तो पडदाच नव्हता. रात्रभर फिल्टर रिकामा व्हायचा, सकाळी पंपाला आधी तो भरावा लागायचा, तोवर दाब नाही, दिवा चालू. कागदाच्या घड्या उलगडून मेस्त्रींनी चुंबक फिरवला. नुसती काजळी, चमक कुठे नाही. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आता बरोबर फिल्टर कुठला? स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, "कितीचं मॉडेल?" २०१७ म्हटल्यावर त्याने जो डबा काढला, त्यात तोच डुगडुगणारा नंबर. घरी येऊन आरसी नीट वाचली. नोंदणी एप्रिल २०१७, पण उत्पादन नोव्हेंबर २०१६. १ एप्रिल २०१७ पासून देशभर धुराच्या प्रदूषणाचे बीएस-४ नियम लागू झाले आणि सुप्रीम कोर्टाने २९ मार्चला बीएस-३ गाड्यांची विक्री त्या तारखेपासून बंद केली. शेवटच्या दोन दिवसांत डीलरांनी मिळेल त्या सवलतीत माल काढला, आणि त्यातली एक गाडी माझ्या खळ्यात उभी होती. कागदावर २०१७, इंजिन जुन्या पद्धतीचं.

मग ब्लॉकवरचा चिकट थर डिझेलने पुसून इंजिन नंबर वाचला, आरसीशी ताडला. जुन्या गाडीत इंजिनच बदललेलं असू शकतं, तसं असतं तर चासी नंबरावरून काढलेला पार्टही चुकला असता. नंबर जुळला. कणकवलीला कंपनीच्या पार्ट काउंटरवर चासी नंबर दिला, तर वेगळाच फिल्टर आला. मेस्त्रींनी स्टडच्याच आट्यांचा एक जुना बोल्ट बरोबर दिला होता. काउंटरवरच डबा उघडून बोल्ट फिरवून बघितला. अजिबात डुगडुगला नाही. पोरगा जरा विचित्र नजरेने बघत होता, बघू दे.

बसवायला फार वेळ लागला नाही, सिलिकॉन खरवडायला लागला. त्याचा तुकडा ऑइलच्या वाटेत गेला की वेगळं दुखणं, म्हणून आधी भोकात फडकं कोंबलं आणि मग नखाने, लाकडी चिपाटाने काढत बसलो. नव्या रबराला ऑइलचं बोट लावलं, रबर टेकल्यावर हाताने आणखी पाऊण फेरा, बस. पाना नाही. ऑइल स्विचच्या जागी दाबाचा मीटर लावून बघितला. गरम इंजिनावर, रेस न देता, दाब दीड किलोच्या आसपास, रेस दिली की तीनच्या वर. सकाळी दिवा आता एका श्वासात जातो.

गाडी विकणाऱ्याला फोन केला. "आमच्याकडे दोन वर्षं हाच फिल्टर चालला की," असं उत्तर मिळालं. सिलिकॉनचं विचारल्यावर त्याला रेंज येईना.

जळकं ऑइल शेजारचे काका गोठ्याच्या वाशांना लावायला घेऊन गेले. फिल्टरचा नंबर मी बॉनेटच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवलाय आणि एक जादा फिल्टर सीटखाली आहे. चेंबरच्या पॅकिंगला थोडी ओल अजून दिसते. मेस्त्री म्हणाले, ते आंबे संपल्यावर पावसात बघू.