इनमवरच एवढा वेळ का? तुम्ही विचारलंत म्हणून

जळगाव, भुसावळ, चोपड्याकडची पोरं माझ्याकडे रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसली की थोड्याच दिवसांत विचारतात, दादा, सी भाषेत पण इनम आहे की, नावांची यादीच तर आहे ती, मग तुम्ही त्याच्यावरच का अडून बसता?

सी मध्ये ती यादीच आहे, प्रत्येक नावामागे एक आकडा, बस. रस्टमध्ये प्रत्येक व्हेरियंट, म्हणजे यादीतला एकेक पर्याय, आपापला डेटा सोबत ठेवतो. आपल्याकडच्या कापूस व्यापाऱ्याचा हिशोब घ्या. पेमेंट नावाचा इनम केला, रोखमध्ये फक्त रक्कम, चेकमध्ये रक्कम आणि चेक नंबर, उधारीत रक्कम आणि पैसे कधी देणार ती तारीख. हेच एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे सगळे रकाने कायम एकत्र असलेल्या रचनेत, कोंबलं तर रोख पेमेंटला पण चेक नंबरचा रिकामा रकाना येतो आणि तो रिकामा आहे का हे दर ठिकाणी तुम्हीच आठवणीने तपासायचं. इनममध्ये रोखीला चेक नंबर असूच शकत नाही, आणि चेकचा नंबर पाहिजे तर आधी मॅच करून, म्हणजे कोणता व्हेरियंट आहे ते तपासून, हा चेकच आहे हे दाखवावं लागतं.

खरी मजा पुढे आहे. उद्या व्यापारी म्हणाला यूपीआय पण टाका, तर इनममध्ये एक ओळ वाढवायची आणि बिल्ड करायचं. पावती, थकबाकी, महिन्याचा रिपोर्ट, जिथे जिथे मॅच लिहिलाय तिथे कंपायलर (कोड चालण्याआधीच तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) ई०००४ एरर देऊन थांबतो आणि यूपीआय राहिलं असं नाव घेऊन सांगतो. मला ही गोष्ट फार म्हणजे फार आवडते, कारण एवढ्या जागा कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

रस्टमधला ऑप्शन पण साधा इनमच आहे, सम म्हणजे व्हॅल्यू आहे, किंवा नन म्हणजे काहीच नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअरने १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स, म्हणजे कशाकडेच न दाखवणारा संदर्भ, आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. रस्टमध्ये ननचं काय करायचं ते ठरवल्याशिवाय आतली व्हॅल्यू हातात येत नाही. अनरॅप लिहून व्हॅल्यू थेट काढली तरी ते पण एक ठरवणंच, नन आला की प्रोग्राम पॅनिक होणार, म्हणजे तिथेच बंद पडणार.

पायथॉनमध्ये मॅच ३.१० पासून, २०२१ ला आला, पण एखादी केस राहिली तर पायथॉन स्वतःहून काही बोलत नाही. म्हणून सवय रस्टमध्येच लावून घ्या असं माझं म्हणणं.

आणि कंटाळा आला म्हणून मॅचच्या शेवटी अंडरस्कोर (_) टाकून बाकी सगळं एकत्र ढकलू नका. मग यूपीआय वाढवलं तरी कंपायलर गप्प बसतो. एकच केस पाहिजे असेल तर इफ लेट वापरा, पण पैशाच्या हिशोबात प्रत्येक व्हेरियंट नावानिशी लिहा.