घरचा सर्व्हर : पिंग लागतो, पण फोल्डर उघडत नाही
मंडळी, गेले काही आठवडे घरच्या सर्व्हरवरचा फोटोंचा फोल्डर मधूनच उघडेनासा होत होता. दुपारी सगळं सुरळीत, संध्याकाळी ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ आणि शेपटाला विंडोजचा तो एरर कोड ८००७००३५. कधी हिचा लॅपटॉप जोडलेला आणि माझा पीसी बाहेर, कधी उलटं. सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन (लिनक्स) आणि सांबा, म्हणजे विंडोजच्या यंत्रांना फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम. नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता हाताने दिलेला, १९२.१६८.१.५०; पुढे त्याला नुसतं .५० म्हणतो.

नेहमीचे संशयित लवकर सुटले. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत एसएमबीला (फोल्डर वाटायची विंडोजची पद्धत) साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर डिजिटल सही, सक्तीचं झालंय आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून शिरणंही बंद. पण ते अडलं तर कायमचंच अडतं, संध्याकाळ बघून नाही. नावाचा घोळ म्हणावा, तर मी थेट आकडेच टाकत होतो. डिस्क झोपली असेल तर फोल्डर रखडत का होईना उघडतो, इथे तर एरर.

मग सांबाची लॉग लेव्हल (नोंदी किती बारकाईने ठेवायच्या ते) ३ वर नेली. ज्या मिनिटाला एरर आली, त्या मिनिटाची लॉगमध्ये एक ओळ नाही. नकार नाही, तक्रार नाही, काहीच नाही. म्हणजे विनंती सर्व्हरपर्यंत पोचलीच नव्हती. अशा वेळी नेटवर सापडेल ती ओळ सांबाच्या एसएमबी.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये चिकटवत बसणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, हे माझं ठाम मत.

पण पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ ही नेटवर्कवरची हाक, तर लागत होता! पीसी आणि सर्व्हर दोन्ही वायरवर, त्यामुळे दुपारी प्रत्येक उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत. संध्याकाळी त्याच पत्त्यावरून ८, ९४, २३, १४०. वायरवरचं यंत्र असं झोकांड्या खात नाही. हे वायफायवरचं कुणीतरी होतं, तेही बॅटरी जपणारं.

कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणतं यंत्र आहे ते दाखवणारी ‘एआरपी -ए’ ही कमांड दिल्यावर .५० समोर भलताच मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाची ओळख). त्यातलं दुसरं अक्षर ई. हे लक्षात ठेवा : दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातून आलेला नसतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायसाठी असे पत्ते आपले आपणच बनवतात. फोन निघाला पुतण्याचा. तो क्लास करून घरी आला की सर्व्हर ‘गायब’. फोन पिंगला उत्तर देतो, पण एसएमबीच्या ४४५ पोर्टवर तिथे ऐकायला कोणी नाही. दोघंही ‘मीच .५०’ म्हणणार, आणि ज्या यंत्राच्या एआरपी कॅशमध्ये (वरच्या त्याच यादीत) ज्याचं उत्तर बसलं, त्याच्यापुरता तोच खरा.

आता मूळ. जुना राऊटर १०० पासून पुढचे पत्ते वाटायचा, .५० निर्धास्त होता. इंटरनेटवाल्यांनी मध्यंतरी राऊटर बदलून दिला, तो २ ते २५४ सरसकट वाटतो. पत्ता देण्याआधी तो वापरात आहे का, हे बरेच राऊटर चाचपून बघतात, म्हणून एरवी निभावलं असतं. पण आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. राऊटर इन्व्हर्टरवर चालू, सर्व्हर बंद, .५० मोकळा दिसतो, आणि तेवढ्यात घरात शिरलेल्या फोनच्या पदरात पडतो. एकदा मिळाला की फोन तोच पत्ता पुन्हा पुन्हा मागून घेतो.

उपाय किरकोळ. राऊटरमध्ये वाटपाची हद्द १०० ते १९९ केली आणि सर्व्हरच्या मॅक पत्त्यावर .५० राखून ठेवला. राऊटर रीस्टार्ट केला, फोनवर ते वायफाय ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडलं. नंतर संध्याकाळी, पुतण्या घरात असताना, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून एआरपिंग (‘.५० कोण?’ असं विचारणारी कमांड) चालवलं : सगळी उत्तरं सर्व्हरच्याच मॅकची.

लॉग लेव्हल परत १ वर आणली, नाहीतर डिस्क भरते. प्रिंटरलाही असाच राखीव पत्ता देऊन टाकला. टीव्हीचा मीडिया प्लेअर मात्र अजून एसएमबी१ मागतो. त्याच्यासाठी सांबात ते जुनं प्रोटोकॉल उघडायची माझी तयारी नाही. डीएलएनएवर (टीव्हीला फोटो-व्हिडिओ पुरवायची दुसरी पद्धत) भागतंय का ते आधी बघतो.